कार्ल्सबाडचं ते कार्ड: डोंगरावरून घेतलेल्या चित्राचं वय कसं काढायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पणजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक रंगीत पोस्टकार्ड सापडलं. उंच कड्यावरून घेतलेलं चित्र आहे. खाली अरुंद दरीतून नदी वाहते, दोन्ही काठांना चार-पाच मजली घरं चिकटून उभी आहेत आणि समोरच्या उतारावर जोडमनोऱ्यांचं चर्च आहे. चित्राखाली जर्मन ओळ आहे, ‘कार्ल्सबाड, हिर्शनश्प्रुंगवरून’. चित्राच्या कडेला सोडलेल्या पांढऱ्या पट्टीत शाईनं चार ओळी खरडल्यात. मागे मुंबईचा पत्ता आहे, पण तिकीट कुणीतरी उचकटून नेलंय. हे गाव कुठलं, कार्ड किती जुनं, चित्र फोटो आहे की रंगवलेलं, त्याला किंमत किती आणि फ्रेम करून भिंतीला लावावं का, हे तुम्हाला हवं आहे. तुम्ही पाठवलेले दोन्ही बाजूंचे फोटो मी मोठे करून बघितले. तीस वर्षं जुनी चित्रकार्डं तपासण्यात आणि सांभाळण्यात गेली, त्यातली बरीच युरोपातल्या स्नानगावांची, म्हणजे औषधी झऱ्यांच्या पाण्याचा उपचार घ्यायला लोक जातात अशा गावांची होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कार्ल्सबाड म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागातलं कार्लोव्ही व्हारी. नदीचं नाव तेप्ला. चेक भाषेत या शब्दाचा अर्थच ‘उबदार’. गावाच्या मधोमध व्रीद्लो नावाचा झरा आहे. त्याचं पाणी सुमारे 73 अंश सेल्सिअस तापमानाचं असतं आणि बारा मीटरपर्यंत उसळतं. सम्राट चौथा कार्ल शिकारीला आला असताना हरणामागे धावणारा त्याचा कुत्रा या कढत पाण्यात पडला आणि झऱ्याचा शोध लागला, अशी तिथली आख्यायिका. गावाला त्याच राजानं 1370 मध्ये सनद दिली, हा मात्र इतिहास. हिर्शनश्प्रुंग म्हणजे ‘हरणाची उडी’. ज्या कड्यावरून त्या हरणानं उडी मारली असं सांगतात, तिथेच कॅमेरा लावून तुमच्या कार्डावरचं चित्र घेतलेलं आहे. आज त्या कड्यावर एका प्राण्याचा पुतळा दिसतो, पण तो हरणाचा नाही. डोंगरकड्यांवर चढणाऱ्या शॅमॉय नावाच्या रानबोकडासारख्या प्राण्याचा तो पुतळा 1851 मध्ये तिथे बसवला.

आता डोंगरावरूनच का? या गावाची शेकडो कार्डं मी पाहिली. त्यांत रस्त्यावरून घेतलेली चित्रं बहुधा एकेका इमारतीची असतात आणि संपूर्ण गाव दाखवायचं असलं की छायाचित्रकार कड्यावर चढलेला असतो. कारण दरीच इतकी चिंचोळी आहे की खाली उभं राहून मागे सरकायला जागा मिळत नाही. एका काठाला पाठ टेकली तर समोरच्या काठाची घरं डोळ्यांवर येतात. पण याहून मोठं कारण उपचारात आहे. अठराव्या शतकात डेव्हिड बेखर नावाच्या डॉक्टरनं इथे पाणी पिण्यावर आणि त्याबरोबर चालण्यावर भर दिला. पहाटे चोचीच्या कपातून घोट घोट पाणी प्यायचं, कमानींच्या ओसरीत फेऱ्या मारायच्या आणि मग रानातल्या वाटांनी चढायचं, हा इथला दिनक्रम. लॉर्ड फिंडलेटर नावाच्या स्कॉटिश सरदारानं स्वतःच्या पैशानं जंगलातल्या वाटा बांधून दिल्या, तेव्हा गावानं 1804 मध्ये त्याच्या नावानं स्तंभ उभारला. त्याच वर्षी हरणाच्या उडीवरच्या खडकावर मायरची छत्री, म्हणजे बसून दृश्य बघायचा छोटा मंडप, उभी राहिली. पुढे 1880 च्या दशकात म्युनिकच्या माक्स योसेफ ऑर्टेल या डॉक्टरनं हृदयरोग्यांसाठी मोजून-मापून चढ चढण्याची पद्धत मांडली आणि अशा गावांतल्या डोंगरवाटांना वैद्यकीय आधारही मिळाला.

म्हणजे हे दृश्य रोग्यानं स्वतःच्या पायांनी गाठलेलं असे. आठवडाभर पाणी पिऊन, पथ्यावर राहून, धापा टाकत वर पोचलेला माणूस खाली बघायचा आणि तेच दृश्य कार्डावर विकत घेऊन घरी धाडायचा. ‘आज इथपर्यंत चढलो’ ही खबर त्या चित्रातच असायची. तुमच्या कार्डावरच्या चार ओळींत काय आहे ते वाचून घ्या. स्कॅनमध्ये मला एक आकडा आणि वजनाचं जर्मन लघुरूप दिसतंय असं वाटतं. आपलं किती वजन उतरलं हे कळवणारी कार्डं या गावातून खूप गेली आहेत. अक्षर जुन्या जर्मन वळणाचं, म्हणजे कुरेंट लिपीतलं आहे. जर्मन येणाऱ्या आजच्या माणसालाही ते एकदम वाचता येईलच असं नाही. ती लिपी येणाऱ्याकडेच द्या.

वयाकडे येतो. इथे बहुतेकांची एक चूक होते. कार्डाला एकच वय असतं असं धरून ते चालतात. वयं तीन असतात: फोटो कधी घेतला, कार्ड कधी छापलं आणि ते टपालात कधी पडलं. त्यांच्यात दहा-पंधरा वर्षांचं अंतर सहज पडतं, कारण प्रकाशक एकच काचेची निगेटिव्ह पुरवून पुरवून वापरत. शिक्क्यावरची तारीख वाचून ‘हे त्या सालचं गाव’ असं कुणी म्हणालं तर थांबवा.

फोटोचं वय दरीतल्या इमारती सांगतात. हरणाची उडी नदीच्या डाव्या काठावर, पश्चिमेला आहे, म्हणून तिथून समोर दिसणारं चर्च आपल्याकडे तोंड करून उभं आहे. ते सेंट मेरी मॅग्डलीनचं. किलिआन इग्नाझ डिएंत्सनहोफरनं 1730 च्या दशकात बांधलं. ते सगळ्याच कार्डांत असणार, त्यामुळे वय काढायला कामाचं नाही. कामाची आहे चर्चच्या पायथ्याशी, नदीला लागून असलेली लांबट, लोखंडी सांगाड्याची नाजूक इमारत. ती व्रीद्लोची जुनी ओसरी, व्हिएन्नाच्या फेल्नर आणि हेल्मर या वास्तुविशारदांनी 1879 मध्ये पुरी केलेली. 1939 मध्ये ती पाडून तिचं बिडाचं लोखंड युद्धसामग्रीसाठी नेलं. आज त्या जागी 1975 मध्ये पुरी झालेली काच-काँक्रीटची ओसरी आहे, तिला सुरुवातीला युरी गागारिनचं नाव दिलं होतं. तुमच्या कार्डात लोखंडी ओसरी स्पष्ट आहे, म्हणजे फोटो 1879 नंतरचा.

आता वरची रेघ बघा, जिथे डोंगर आकाशाला भिडतो. पूर्वेच्या उंच माथ्यावर एक बारीक मनोरा टोचून उभा दिसतोय. तो 1889 चा स्टेफनी मनोरा असणार. ऑस्ट्रियाच्या युवराज्ञीचं नाव त्याला दिलं होतं. पुढे काही काळ तो स्टालिनच्या नावानं ओळखला गेला, आता गोएथेच्या. तो आहे म्हटल्यावर फोटो 1889 च्या अलीकडे सरकला. उजवीकडच्या टेकडीवर मात्र नुसती झाडं आहेत. तिथे 1912 मध्ये इम्पीरियल हॉटेल उघडलं. एवढी अजस्र वास्तू की ती एकदा उभी राहिल्यावर या बाजूच्या कुठल्याही चित्रातून चुकणं शक्य नाही. म्हणजे तुमचा फोटो 1889 ते 1912 यांमधला.

हीच युक्ती दुसऱ्या कड्यांवरून घेतलेल्या कार्डांनाही लागू पडते, फक्त खुणा बदलतात. समोरच्या, पूर्वेच्या तीन क्रूसांच्या टेकडीवरून घेतलेल्या चित्रात चर्चची पाठ दिसते आणि पलीकडच्या बंगल्यांच्या उतारावर 1897 चं रशियन चर्च आपल्या घुमटांसह येतं. डायना मनोरा दिसला तर फोटो 1914 नंतरचा. उत्तरेला थर्मल हॉटेलचा उंच ठोकळा दिसला, तर फोटो 1970 च्या दशकाआधीचा धरूच नका.

कार्ड छापण्याचा काळ मागची बाजू सांगते. कार्ल्सबाड तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. त्या साम्राज्यानं जगातलं पहिलं सरकारी पोस्टकार्ड 1 ऑक्टोबर 1869 ला काढलं, ते साधं, चित्राशिवाय. खासगी छापखान्यांच्या कार्डांना तिथे 1885 पासून मुभा मिळाली. तेव्हा मागची अख्खी बाजू पत्त्यासाठी राखीव असे. मजकूर लिहायचा तर पुढे, चित्राच्या कडेला. म्हणून तर तुमच्या कार्डावर ती पांढरी पट्टी सोडलेली आहे. मागच्या बाजूचे उभ्या रेघेनं दोन भाग करून डावीकडे मजकूर लिहायची मोकळीक इंग्लंडनं 1902 मध्ये दिली, जर्मनीनं 1905 मध्ये, ऑस्ट्रियातही साधारण त्याच सुमारास. त्यानंतर पुढची पट्टी गेली आणि चित्र कडेपर्यंत पसरलं. तुमच्या कार्डाला मागे रेघ नाही. शिवाय मागच्या छापील मथळ्यातला ‘कॉरेस्पाँडेन्झ’ हा शब्द रोमन ‘सी’नं सुरू होतो. 1901 च्या परिषदेनंतर जर्मन शुद्धलेखन बदललं आणि हळूहळू तिथे ‘के’ आला. एकट्या या खुणेवर मी पैज लावणार नाही, कारण छापखाने जुना मजकूर चालवत राहत. पण बाकीच्या खुणांशी ती जुळते. छपाई 1890 च्या दशकाच्या मध्यापासून 1904 पर्यंतची धरा.

फोटो की रंगवलेलं, या प्रश्नाला तुम्हीच घरी उत्तर काढू शकाल. घड्याळजी वापरतात तसलं दहापट भिंग आणा आणि खिडकीशी बसा. आधी छपरं बघा, मग आकाश. नियमित, रांगेत बसलेले ठिपके दिसले तर हाफटोन, म्हणजे फोटो ठिपक्यांत फोडून केलेली छपाई. बारीक, वळवळत्या, वाळलेल्या चिखलाला तडे जातात तशा जाळीचा पोत दिसला तर कॉलोटाइप, म्हणजे जिलेटिनच्या थरावरून केलेली छपाई. ओबडधोबड, एकमेकांवर सांडलेले रंगीत टिंबांचे थर दिसले तर दगडावरून छापलेलं लिथो. काहीच न दिसता छटा सलग विरघळत गेल्या तर तो खरा फोटोकागद. त्याच्या काळ्या भागावर तिरक्या उजेडात बऱ्याचदा चंदेरी झाक मारते.

तुमच्या स्कॅनमध्ये एक गोष्ट नुसत्या डोळ्यांनाही दिसते. चर्चच्या डावीकडच्या छपराचा तांबडा रंग धुराड्याच्या बाहेर केसभर सांडलाय आणि आकाशाची गुलाबी पट्टी मनोऱ्याच्या टोकातून आरपार गेलीय. छापखान्यातल्या भाषेत रजिस्टर हललंय. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, कागद तितक्या वेळा यंत्राखालून जाणार आणि एका फेरीत तो जरा सरकला. म्हणजे खालचं चित्र छायाचित्रावरून आलेलं, रंग मात्र छापखान्यातल्या कारागिरानं ठरवलेले. त्यानं बहुधा कार्ल्सबाड पाहिलंही नसेल. जर्मनीतल्या ड्रेस्डेन आणि लाइपझिगचे मोठे छापखाने युरोपभरच्या गावांची कार्डं काढत. छप्पर लाल, झाड हिरवं, संध्याकाळ गुलाबी, हा त्यांचा ठरलेला हिशोब. त्यामुळे ‘तेव्हा तिथली छपरं खरंच लाल होती का’ हे या कार्डाला विचारू नका. आकार, उंची, खिडक्यांची संख्या विचारा. या कारागिरीशी आपलंही जुनं नातं आहे. म. वि. धुरंधरांनी 1900 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईची माणसं रंगवून जी चित्रकार्डं केली, ती त्याच चित्रकार्डांच्या लाटेतली. एखादं हाती लागलं तर भिंगाखाली धरून पाहा.

एक सावधगिरीची गोष्ट, माझ्याच अनुभवातली. काही वर्षांपूर्वी याच कड्यावरून घेतलेलं एक कार्ड माझ्याकडे आलं. इम्पीरियल हॉटेल त्यात ठळक होतं, म्हणून मी फोटो 1912 नंतरचा लिहून मोकळा झालो. रात्री पुन्हा भिंग लावलं तेव्हा खटकलं. हरणाच्या उडीवरून बघताना आपण पूर्वेकडे बघतो, म्हणजे चांगला उजेड दुपारनंतरचा. सूर्य पाठीशी असतो आणि समोरच्या सगळ्या भिंती उजळतात. चर्च उजळलेलं होतं, नदीकाठची घरं उजळलेली होती आणि एकट्या इम्पीरियलची आपल्याकडची भिंत सावलीत होती. हॉटेल नंतर चिकटवलेलं होतं. जुन्या निगेटिव्हवर नवी इमारत रंगवून प्रकाशकानं कार्ड ‘अद्ययावत’ करून घेतलं होतं. बाकीचा फोटो किमान दहा वर्षं जुना निघाला. मला नोंद बदलावी लागली आणि तेव्हापासून मी आधी सावल्या बघतो. तुमच्या कार्डातही ओसरीवर जो पांढरा वाफेचा लोट आहे, तो ब्रशनं ओढलेला आहे. त्याच्या कडा बघा, खऱ्या वाफेला अशी रेघ नसते. तेव्हाच्या मोठ्या कॅमेऱ्यांना दुरून ती वाफ पकडणं अवघड जाई आणि वाफ नसेल तर कार्ल्सबाड कसलं, म्हणून ती घालत.

पुढे कधी या गावाची आणखी कार्डं हाती लागली तर नावाकडे लक्ष द्या. 1918 आधी बहुधा फक्त ‘कार्ल्सबाड’. चेकोस्लोव्हाकिया झाल्यावर चेक आणि जर्मन अशी दोन्ही नावं शेजारी. 1938 ते 1945, गाव नाझी जर्मनीच्या ताब्यात असताना, पुन्हा एकटं जर्मन नाव. त्यानंतर फक्त कार्लोव्ही व्हारी. गावातली बहुसंख्य वस्ती जर्मनभाषक होती. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांना देशाबाहेर घालवलं. कड्यावरून दिसणारी घरं तीच राहिली, त्यांतली माणसं बदलली. जुनी आणि नवी कार्डं शेजारी ठेवली की चित्र जवळपास तसंच असतं आणि खालची ओळ वेगळी असते. मला ते दर वेळी अस्वस्थ करतं. 1930 च्या दशकात सुभाषचंद्र बोसही उपचारासाठी या गावात राहिले होते, तेव्हा दोन्ही नावं चालू होती.

किंमत. खरं सांगायचं तर या दृश्याची कार्डं अफाट संख्येनं छापली गेली आणि युरोपच्या जुन्या बाजारांत ती टोपल्यांनी मिळतात. तिकीट उखडल्यानं संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत आणखी उतरली. विकायला काढू नका. मुंबईच्या पत्त्यावर आलेलं, घरच्या ट्रंकेत शंभराहून जास्त वर्षं राहिलेलं कार्ड तुमच्या घराबाहेर गेलं की त्या टोपलीतलंच एक होतं. पणजोबांना ते कुणी धाडलं, जर्मन येणारा त्यांचा तो ओळखीचा कोण, हे शोधण्यात खरा अर्थ आहे. पणजोबा जहाज कंपनीच्या कचेरीत होते असं तुम्ही लिहिलंय. ऑस्ट्रियाच्या लॉइड कंपनीच्या बोटी त्रिएस्ते बंदरातून मुंबईला येत असत. हा धागा सोडू नका.

भिंतीवर लावू नका. छपाईची शाई टिकेल, पण पांढऱ्या पट्टीतला हस्ताक्षराचा रंग आताच जांभळट-तपकिरी झालाय, उजेडात तो आधी जाईल. दोन्ही बाजू 600 डीपीआयवर स्कॅन करा, चांगली प्रत छापून तीच फ्रेम करा. मूळ कार्ड पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. बाजारातले मऊ, वास येणारे पीव्हीसीचे अल्बम नकोत, ते कालांतरानं चिकट होतात. लॅमिनेशनचं तर नावही काढू नका. मुंबईची हवा दमट, म्हणून पाकीट आम्लमुक्त कागदाच्या डब्यात, डबा बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या कपाटात आणि आत सिलिका जेलची पुडी, ती पावसाळ्यात दोन-तीनदा बदलायची. डांबराच्या गोळ्या टाकू नका. कसर आणि वाळवी यांच्यासाठी दर दोन महिन्यांनी डबा उघडून बघणं हाच चांगला उपाय. मागे काही लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, कोपऱ्यात, हलक्या हातानं. तिकीट उखडलेल्या जागी जो खरखरीत पांढरा ओरखडा आहे, त्यावर गोंद, टेप, काही लावू नका.

उलट त्याच जागेचे मला आणखी फोटो हवेत. खोली काळोखी करा, कार्ड टेबलावर सपाट ठेवा आणि टॉर्च अगदी कडेनं, जवळजवळ कागदाला टेकवून मारा. शिक्क्याचा जो भाग तिकिटाबाहेर कार्डावर पडला, त्याचा कंस डावीकडे अजून आहे आणि त्यात एका आकड्याचा शेवट दिसतो. तिकिटाचा एखादा रंगीत तंतू चिकटून राहिलाय का तेही बघा. परदेशी कार्डाचा दर 1900 आधी 5 क्रॉयत्झर होता, नंतर 10 हेलर (ही ऑस्ट्रियाची तेव्हाची नाणी). दोन्ही तिकिटं तांबूस, त्यामुळे रंगावरून निकाल लागणार नाही, पण तंतूवर छापील अंकाचा तुकडा असेल तर लागेल. शिक्क्याच्या त्या कंसाखाली, पत्त्यावर आडवा, दुसरा फिकट शिक्का आहे. एडन ते मुंबई या टप्प्यात टपाल बोटीवरच वर्गवारी करणारं सागरी टपाल कार्यालय 1914 पर्यंत होतं, हा त्याचा असू शकेल किंवा मुंबईला पोचल्याचा. त्यातलं साल वाचता आलं तर कार्डाचं तिसरं वयही हाती येईल. टॉर्च चारही बाजूंनी फिरवून चार फोटो काढा आणि पाठवा.